लेबलचा (म्हणजे म्युझिक कंपनीचा) करार की स्वतःच गाणं काढायचं?

कळव्याची भाची विचारतेय: "मामा, लेबलच्या करारावर सही करू की अल्बम स्वतःच काढू?"

पैसा: लेबल रेकॉर्डिंगचा खर्च उचलतं, पण बहुतेकदा तो तुझ्याच रॉयल्टीतून वळता करतं. स्वतः काढलंस तर वितरकाची, म्हणजे गाणं ॲप्सवर पोचवणाऱ्याची, फी किरकोळ. स्टुडिओ आणि व्हिडिओ मात्र पदरचा.

प्रसिद्धी: खरं भांडण इथेच होतं. १९९० च्या अल्बमची सोनीने, म्हणजे त्याच्या लेबलने, नीट जाहिरात केली नाही म्हणत ब्रिटिश पॉप गायक जॉर्ज मायकल १९९२ मध्ये लंडनच्या कोर्टात गेला. १९९४ मध्ये हरला. एवढ्या मोठ्या गायकाची ही गत! म्हणून 'योग्य ती प्रसिद्धी करू' हे वाक्य खोडायला लाव. रक्कम, व्हिडिओ किती, कधीपर्यंत, हे लिहून घे. स्वतः काढलंस तर रोज रील तुलाच करावी लागेल, ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहाबाहेर पोस्टरही तूच वाटशील.

मालकी: मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, सहसा लेबलकडे. तू तुझे हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर कायद्याने पाच वर्षं धरतात. गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेबलला लिहून देता येत नाही.

नोकरी सांभाळून वर्षाला दोन गाणी काढणारीने स्वतःच काढावीत. महागडा व्हिडिओ हवाय आणि आकडे लिहून मिळतायत, तर लेबल. तू पहिल्या गटातली वाटतेस.