फोल्डस्कोप: दोन पावसाळे वापरून झाल्यावर

राजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कुलात मी २२ वर्षं विज्ञान शिकवतेय. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात तीन सूक्ष्मदर्शक आहेत. एकाचा आरसा फुटलाय. दुसऱ्याच्या भिंगांवर बुरशी आलीय, कारण कोकणातला पावसाळा भिंगांना सोसत नाही. तिसरा चालतो, म्हणून त्यालाच सगळ्यात जास्त जपलं जातं. आठवीत एकसष्ट मुलं आणि तास पस्तीस मिनिटांचा. कांद्याचा पापुद्रा दाखवायचा तर रांग लावायची आणि प्रत्येकाला जेमतेम अर्धं मिनिट द्यायचं. "हात नको लावूस, नुसतं बघ," असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले. निम्मी मुलं स्वतःच्याच पापण्या बघून पुढे सरकायची आणि वहीत पुस्तकातली आकृती उतरवून मोकळी व्हायची. मला ते कळत होतं आणि टोचतही होतं.

दोन वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांनी शाळेला काहीतरी द्यायचं ठरवलं. बाकीच्या शिक्षकांना प्रोजेक्टर हवा होता. मी वीस फोल्डस्कोपचा वर्गसंच मागितला आणि त्यासाठी थोडी भांडलेही. आता दोन पावसाळे ते मुलांच्या हातात राहिलेत, त्यामुळे घ्यावा की नाही हे सांगण्याइतका अनुभव गाठीशी आहे. घ्यावाच. मात्र घेण्याआधी काही गोष्टी ठाऊक असायला हव्यात, नाहीतर हाही कपाटात जाऊन बसेल.

फोल्डस्कोप म्हणजे घड्या घालून तयार होणारा कागदी सूक्ष्मदर्शक. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि त्यांचे विद्यार्थी जिम सिबुल्स्की यांनी तो बनवला आणि २०१४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रकाश मूळचे मेरठचे. ठिकठिकाणच्या संशोधन केंद्रांवर गेलं की अवजड किंवा बिघडलेले सूक्ष्मदर्शक दिसायचे, कुठे तर एकही नसायचा, त्यातून त्यांना हे सुचलं. म्हणजे आमच्या कपाटाचीच गोष्ट. २०१५ मध्ये आपल्या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही हे साधन भारतात आणण्यासाठी प्रकाश यांच्या प्रयोगशाळेशी करार केला.

कागद म्हटलं तरी तो वहीचा कागद नाही. सहजी फाटत नाही आणि ओल्या हातांनी धरला तरी लगदा होत नाही, हे आमच्याकडच्या जुलैत सिद्ध झालंय. त्यात एकच भिंग असतं, काचेच्या बारीक मण्यासारखं. त्यातून वस्तू १४० पट मोठी दिसते आणि दोन मायक्रॉनपर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो. मिलिमीटरचे पाचशे भाग केले तर त्यातला एक भाग, इतकं बारीक. सतराव्या शतकात नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेवेनहूक यानेही असल्याच एका इवल्याशा भिंगातून तळ्याच्या पाण्यातले जीव पहिल्यांदा पाहिले होते. मुलांना मी हे सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "म्हणजे तो शास्त्रज्ञ नव्हताच?" त्या प्रश्नावर अर्धा तास गेला, आणि तो तास चांगला गेला.

जोडणीचा दिवस मात्र नीट आखा. सराव असेल तर माणूस दहा-पंधरा मिनिटांत फोल्डस्कोप उभा करतो. पहिल्यांदाच करणाऱ्या तीन मुलांच्या गटाला पाऊण तास लागतो. मी पहिल्या वर्षी एकाच तासात उरकायला गेले आणि घंटा झाली तेव्हा निम्मे अर्धवट, भाग बाकांवर पसरलेले. ती माझी चूक. दुसऱ्या वर्षी शनिवारचे दोन तास जोडून घेतले. भाग पानातून सुटे करायचे, रंग आणि खुणा जुळवायच्या, घडी घालायची, कडा खाचेत सरकवायच्या. सूचना बहुतेक चित्रांतूनच आहेत, त्यामुळे इंग्रजीचा अडसर येत नाही.

त्या शनिवारी सगळ्यात आधी ज्याचा फोल्डस्कोप तयार झाला, तो मुलगा मोठ्याने वाचायला सांगितलं की खाली बघतो. गणपतीत तो चुलत्यांबरोबर वाडीतली मखरं करतो. "बाई, हे मखरासारखंच आहे, आधी खाचा बघायच्या नि मग घडी," असं म्हणून तो शेजारच्या गटाला दाखवायला गेला, तिथून पुढच्या. वर्गातली हुशार म्हणून गणली जाणारी मुलं त्याच्याकडून शिकत होती. वीस सूक्ष्मदर्शकांच्या पैशांत मला तेवढं एकच मिळालं असतं तरी चाललं असतं.

बघण्याची एक खोच आहे. मुलं साध्या भिंगासारखा तो डोळ्यापासून लांब धरतात आणि "काहीच दिसत नाही" म्हणतात. भिंग अगदी डोळ्याशी न्यायचं, पापण्या कागदाला लागल्या पाहिजेत. तोंड उजेडाकडे करायचं, खिडकीतल्या आकाशाकडे किंवा बल्बकडे. सूर्याकडे कधीही नाही. हे मी फळ्यावर लाल खडूने लिहून ठेवलंय आणि दर वेळी तोंडीही सांगते. मग दोन्ही अंगठ्यांनी पट्टी हळूहळू सरकवत चित्र स्पष्ट करायचं. पहिल्या दिवशी हात थरथरतात, तिसऱ्या दिवशी सवय होते.

आठवीचा पहिलाच धडा सजीव सृष्टी आणि सूक्ष्मजीवांच्या वर्गीकरणाचा. तो जूनमध्ये येतो आणि जूनमध्ये आमच्याकडे पाणीच पाणी. गुरांच्या दोणीतलं हिरवट पाणी एका मुलीने औषधाच्या रिकाम्या बाटलीतून आणलं. एक थेंब काचपट्टीवर ठेवला. ती खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ हललीच नाही. मी विचारलं, दिसतंय का गं? डोळा न काढता ती म्हणाली, "बाई, बोलू नका, तो जाईल." तिच्या भिंगाखाली चपलेच्या तळव्यासारखा एक जीव गोल गोल फिरत होता. पॅरामेशियम. पुस्तकातली त्याची आकृती मी शेकडो मुलांकडून काढून घेतली असेल, पण तो जाईल याची भीती वाटलेलं मूल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

यानंतरच आम्ही जागेच्या मागे लागलो. शाळेच्या मागच्या अंगाला एक अडगळीची खोली होती, दहा बाय चौदाची. मोडकी बाकं, जुने तक्ते आणि उंदीर. तिला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे आणि फोल्डस्कोपला तेच हवं असतं, दिवसभर सारखा, डोळ्यावर न येणारा उजेड. पालकांनी दोन रविवार येऊन खोली साफ केली. बाकं खिडकीला तोंड करून मांडली. तीन फुटांपर्यंतच्या भिंतीला फळ्याचा काळा रंग दिला, त्यावर मुलं बसल्या बसल्या काढतात. नारळाच्या करवंट्यांत काड्या, चिमटे, ड्रॉपर. सुंभाची एक दोरी खिडकीच्या वर बांधली, तिला कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं लटकतात. चित्र काढायचा नियम एकच: कागदावर बांगडी ठेवून गोल आखायचा आणि त्या गोलात फक्त दिसलं तेवढंच काढायचं. सुरुवातीला मुलं गोलात पुस्तकातली पेशी काढायची, केंद्रक नीट मध्यभागी वगैरे. आता कुणी असं केलं की दुसरंच कुणीतरी म्हणतं, "हे तुला दिसलेलं नाहीये."

केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब या शालेय प्रयोगशाळेच्या योजनेत शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं, ज्यांना मिळालंय त्यांनी त्याचं सोनं करावं. आमच्याकडे तेवढी जागाच नाही. पण एक उत्तरेची खिडकी बहुतेक शाळांत असते.

सप्टेंबरात आमचे कातळ फुलतात. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, साचलेल्या पाण्यात सीतेची आसवं उगवतात, निळसर जांभळी, बोटभर उंचीची. सगळी मुलं लहानपणापासून ती तुडवत शाळेत येतात. मी नववीच्या मुलांना फोल्डस्कोप घेऊन सड्यावर नेलं, कारण हा सूक्ष्मदर्शक वहीत घालून नेता येतो आणि पडला तरी काळजात धस्स होत नाही. एकच रोप मुळाशी हात घालून अलगद उचलायचं, बाकीच्यांना धक्का नको, एवढं बजावलं. चिखल धुतला की खाली दोऱ्यासारखे धागे आणि त्यांना लागलेले टाचणीच्या टोकाएवढे फुगे दिसतात. नुसत्या डोळ्यांना वाळूचे कण वाटावेत असे. भिंगाखाली त्यातला प्रत्येक फुगा म्हणजे एक पारदर्शक पिशवी, तिला तोंड आणि तोंडापाशी केस. ही वनस्पती त्या पिशव्यांनी पाण्यातले बारीक जीव ओढून घेते, कारण कातळावरच्या मातीत नत्र फारसं नाही. एका पिशवीत काहीतरी काळपट अडकलेलं होतं. ते काय होतं यावर दोन गटांत कडाक्याचा वाद झाला आणि शेवटी त्यांनी वहीत "ओळखता आलं नाही, पाय असल्यासारखे वाटले" असं लिहिलं. हे वाक्य मला कुठल्याही पूर्ण गुणांच्या उत्तरापेक्षा मोलाचं वाटतं.

आता मर्यादा. एका मुलाला दह्यातले जिवाणू बघायचे होते. आईने लावलेलं दही, त्यातलं पाणी, मिथिलिन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा थेंब, सगळं त्याने मनापासून केलं आणि त्याला निळे ठिपके दिसले, बस. जिवाणू साधारण एक-दोन मायक्रॉनचे, म्हणजे या भिंगाच्या क्षमतेच्या काठावरचे किंवा पलीकडचे. त्यासाठी एकाहून जास्त भिंगांचा चांगला संयुक्त सूक्ष्मदर्शकच हवा. त्याचा चेहरा उतरला तेव्हा मला आधी सांगायला हवं होतं असं वाटलं. तुम्ही तरी आधी सांगा. कांद्याच्या पेशी, गालाच्या आतल्या पेशी, पानावरची पर्णरंध्रं, जास्वंदीचे काटेरी परागकण, फुलपाखराच्या पंखावरचे खवले, डासाच्या अळीचं धडधडतं हृदय, हे सगळं उत्तम दिसतं. जिवाणूंचं वचन देऊ नका.

एका वेळी एकालाच दिसतं, ही दुसरी अडचण. संचात चुंबकाच्या चकत्या येतात, त्यांनी तो मोबाइलच्या कॅमेऱ्याला जोडता येतो. मग चित्र सगळ्या गटाला दिसतं आणि फोटोही काढता येतो. मी हे मुद्दाम महिनाभर उशिरा दाखवलं. फोन मध्ये आला की मुलं पडद्याकडे बघतात आणि अंगठ्यांचं कसब शिकायचं राहून जातं. चष्मा असलेल्या मुलांना तो काढून बघावं लागतं, दोन-तीन दिवसांत त्यांनाही जमतं. आणि भिंगाला बोट लावू द्यायचं नाही. आमच्याकडे डब्यातल्या तेलकट बोटांनी दोन भिंगं धुरकट केली. मऊ सुती कापडाने पुसल्यावर एक सुधारलं, दुसरं तसंच राहिलं.

पैशांबद्दल. मूळ शोधनिबंधात सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत बसवला होता, तो आकडा वाचून कुणी मागवायला जाऊ नये, बाजारातल्या संचाची किंमत त्याहून जास्त असते. एकेकटा घेण्यापेक्षा वर्गसंच परवडतो. खरेदी मात्र एप्रिलातच करा. आम्ही ज्या विक्रेत्याकडे पैसे भरले त्याने पंधरा दिवसांची मुदत सांगून सात आठवडे लावले आणि मधले तीन आठवडे फोनच उचलला नाही. जूनचा पहिला धडा हातातून गेला असता, नशिबाने पाऊस लांबला आणि दोणी उशिरा भरल्या.

सगळ्यात मोठा निर्णय मी दुसऱ्या वर्षी घेतला. मुलांना फोल्डस्कोप घरी न्यायची परवानगी दिली, शुक्रवारी न्यायचा आणि सोमवारी आणायचा, वहीत सही करून. मुख्याध्यापकांना हे पटलेलं नव्हतं. वीसपैकी एकोणीस आजही चालू आहेत. एक वहाळाला गेला आणि ज्याच्या हातून गेला त्याने ते स्वतः येऊन सांगितलं. घरी गेल्यावर काय काय झालं ते सोमवारी कळतं. कुणाच्या आजीने तांदळातला सोंडा बघून पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला तोंड असतं हे पाहिलं. कुणाच्या वडिलांनी मासळीचा खवला बघितला आणि त्यावरची वर्तुळं मोजत रात्री अकरापर्यंत जागले. ते बोटीवर जातात. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाच्या हातून वेगवेगळ्या माशांचे खवले कागदाच्या पुड्या करून पाठवले, प्रत्येक पुडीवर माशाचं नाव लिहून: बांगडा, सौंदाळा, तांबोशी, पालू. त्या पुड्या आता मागच्या खोलीत खिडकीच्या दोरीला टांगल्यात.

यंदाच्या वर्गासाठी आणखी वीस मागवलेत, या वेळी दुसऱ्या विक्रेत्याकडून. जोडणी शिकवायला आता मी उभी राहणार नाही, तो मखरवाला मुलगा नववीत गेलाय, त्याने दोन शनिवार मागून घेतलेत.