भाड्याच्या फ्लॅटमध्ये फ्लश टाकी: भिंतीतली का बाहेरची?

फ्लॅट भाड्याने द्यायचाय आणि बाथरूमचं काम काढलंय म्हटलं की प्लंबर हमखास विचारणार, टाकी कन्सील्ड घ्यायची का बाहेरची? दिसण्यात तुलनाच नाही. भिंतीवर फक्त प्लेट आणि दोन बटणं, जाहिरातीच्या फोटोत बाथरूम एकदम झकास येतं, टाकीमागची कोळिष्टकं काढायची कटकट नाही. स्वतःच्या घरात मी पण तीच बसवलीये आणि मजेत आहे. पण वाकडच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू असतात आणि मी असतो नाशिकला, तिथे हिशोब बदलतो.

भिंतीतली टाकी भिंतीतच गळते असं बरेच जण म्हणतात, मला नाही तसं वाटत. चांगली टाकी अखंड असते आणि टाकी भरली की पाणी थांबवणारा फ्लोट अडकला तरी जास्तीचं पाणी कमोडमध्येच उतरतं, फार तर जॉइंट कच्चा राहिला तर ओल येणार. खरं दुखणं टाकीच्या तळाचं तोंड बंद ठेवणाऱ्या रबरी वॉशरचं. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं जड पाणी, वॉशरवर पांढरा थर धरतो, मग तो नीट बसत नाही आणि कमोडच्या मागच्या बाजूने बारीक धार चालूच राहते, तिचा ना आवाज येतो ना ती चटकन दिसते. भाडेकरू दिवसभर ऑफिसात. गच्चीवरची टाकी सारखी रिकामी व्हायला लागली की मग सोसायटीच्या ग्रुपवर शोधाशोध सुरू.

आता हे बाहेरच्या टाकीतही होतंच, वॉशर तोच, पाणी तेच. फरक पुढे पडतो.

भिंतीतल्या टाकीच्या वेळी माझ्या भाडेकरूंनी कोपऱ्यावरचा प्लंबर बोलावला, त्याने प्लेट काढली, मनगटापर्यंत हात घातला आणि म्हणाला हे कंपनीचा माणूसच करेल. कंपनीला फोन केला तर मॉडेल कुठलं? बिल्डरने बसवलेली टाकी, मला काय माहीत! तोवर पाणी बंद करावं तर कॉक पण प्लेटच्या आतच, क्षाराने घट्ट बसलेला, म्हणजे अख्ख्या बाथरूमची लाइन बंद आणि वर त्यांच्याकडे पाहुणे. पार्ट यायला वेळ लागला तोवर बादलीने काम भागवलं त्यांनी, बोलले काही नाहीत पण भाडं देताना आवाज बदलला होता हे मला कळलं. शिवाय खर्च कुणाचा? केंद्राच्या 2021 च्या आदर्श, म्हणजे राज्यांसाठी नमुना असलेल्या, भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात संडासची दुरुस्ती भाडेकरूकडे आणि पाइप बदलणं मालकाकडे दिलंय, पण भिंतीतली टाकी नक्की कशात धरायची? आपल्याकडे शेवटी अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये जे लिहू त्यावरच भांडायचं, त्यामुळे तिथेच स्पष्ट लिहा.

बाहेरची प्लास्टिकची टाकी दिसायला सामान्यच, पिवळी पडते, कुणी झाकणावर साबणाचे डबे रचतं, बटण अडकतं, ते सगळं मान्य. पण अँगल कॉक समोर असतो. सुट्टीत गावी जाताना "तो कॉक तेवढा बंद करून जा" एवढं फोनवर सांगितलं की झालं. वॉशर, फ्लोट गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि अगदीच गेली तर हजार-दोन हजारात नवी टाकी लावून प्लंबर तासाभरात मोकळा.

शिवाय तपासणी सोपी. भाडेकरू बदलताना मी झाकण उचलून टाकीत जिलबीचा केशरी रंग थोडा टाकतो आणि फ्लश न करता अर्धा तास थांबतो. कमोडमध्ये रंग उतरला तर वॉशर बदलायचा. भिंतीतल्या टाकीतही जमतं हे, पण आधी प्लेट काढा, आत चाचपडा, एवढं कोण करतं? आणि ते निळ्या पाण्याचे क्यूब टाकीत टाकू नका म्हणून भाडेकरूंना सांगून ठेवा, त्यातल्या क्लोरीनवाल्यांनी रबर लवकर खराब होतं.

तुमच्याकडे मनपाचं गोडं पाणी असेल आणि तुम्ही त्याच बिल्डिंगमध्ये राहत असाल तर कन्सील्ड घ्यायलाही हरकत नसावी. फक्त टाइल्स लावायच्या आधी टाकीवरच्या मॉडेलच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा आणि टाकीच्या लाइनला एक वेगळा कॉक हाताला येईल असा बाहेर काढून घ्या, प्लंबर कितीही नाही म्हणाला तरी.