इंकटँक प्रिंटरमध्ये तीन प्रकारच्या शाया, नऊ महिन्यांचा अनुभव (एक टाकी नासवली त्यासकट)

नऊ महिने झाले वापरून, म्हटलं आता लिहायला हरकत नाही. प्रिंटर एकच, पिएझो हेडवाला (म्हणजे थेंब दाबाने ढकलणारा), टाकीत बाटलीने शाई ओतायचा. त्यात आधी सोबत आलेला सेट वापरला, म्हणजे काळी पिगमेंट आणि बाकी तीन रंग डाय (हे दोन प्रकार काय ते खाली सांगतो). मग चारही डाय असलेला कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा सेट, आणि शेवटी चारही पिगमेंट. ब्रँडची नावं देत नाही, कारण फरक ब्रँडपेक्षा बाटलीत काय आहे त्याचा जास्त पडतो, हे मला उशिरा कळलं.

आधी मला वाटायचं शाई म्हणजे रंग नि पाणी, त्यात काय एवढं. पण पाण्यावर चालणाऱ्या इंकजेट शाईत रंग असतो अगदी थोडा, शेकड्यात पाच-सहा भागांच्या आसपास. बहुतेक सगळं पाणीच. उरलेल्यात ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलसारखं काहीतरी नोझलवर, म्हणजे शाई फेकणाऱ्या भोकांवर, साय धरू नये म्हणून, चिमूटभर सर्फॅक्टंट म्हणजे साबणाच्या जातीतलं रसायन, पीएच जरा अल्कलीकडे ठेवायला एखादा बफर, आणि बुरशी धरू नये म्हणून बायोसाइड. सगळी करामत या उरलेल्यात आहे. रंग काय, कोणीही घालेल.

डाय आणि पिगमेंटचा फरक थोडक्यात सांगतो. डाय पाण्यात साखरेसारखा विरघळतो, सुटा सुटा रेणू. पिगमेंट विरघळत नाही, ते घन कण असतात, साधारण १०० नॅनोमीटरचे, पाण्यात नुसते तरंगत ठेवलेले. काळ्यात कार्बन ब्लॅक म्हणजे शुद्ध भाषेत काजळीच. हे कण एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर पॉलिमर चढवून सगळ्यांना ऋण भार दिलेला असतो, सारखा भार असला की एकमेकांपासून लांब राहतात. हे लक्षात ठेवा, कारण माझी माती इथेच झाली.

झालं असं की पहिला सेट संपत आला, काळ्या टाकीत बोटभर पिगमेंट शिल्लक होती आणि मी वरून सरळ डाय काळी ओतली. काळ्यात काळी, काय बिघडतंय! आठवडाभर काहीच झालं नाही, उलट प्रिंट मस्त यायला लागली म्हणून मी खूश. मग अक्षरांत पांढऱ्या रेघा, मग अर्धी ओळ गायब, आणि नोझल चेकमध्ये काळ्याच्या पट्ट्या तुटक तुटक. हेड क्लीनिंग मारलं, पुन्हा मारलं, पॉवर क्लीनिंग मारलं, थोडी सुधारायची नि दोन पानांनंतर परत तेच. शेवटी डोकं लावून दोन्ही शाया काचेच्या तुकड्यावर थेंब थेंब घेऊन मिसळल्या, थोडा वेळ ठेवून भिंगातून बघितलं तर दूध नासल्यावर दिसतं ना, तसे बारीक काळे दाणे. कारण शोधल्यावर कळलं की डाय बहुतेक वेळा मिठाच्या रूपात असतो, सोडियम वगैरे लटकलेलं, आणि पाण्यात मीठ वाढलं की पिगमेंटच्या कणांमधलं ते विद्युत भाराचं अंतर तुटतं आणि कण एकमेकांना धरतात. नोझलचं भोक केसापेक्षाही बारीक, तिथे असा दाणा म्हणजे बूचच.

गंमत म्हणजे हेच नासणं कागदावर हवं असतं. काही कॉपीअर कागदांत मुद्दाम कॅल्शियमचा क्षार घातलेला असतो, पिगमेंटचा थेंब पडला रे पडला की कण जागच्या जागी गोठतात आणि पाणी तेवढं कागदात शिरतं, म्हणून अक्षर कडक काळं दिसतं. काही कंपन्या तर रंगीत शाईतच असा क्षार घालतात, म्हणजे पिवळ्याच्या शेजारी काळी आली की सीमेवरच ती नासावी आणि पिवळ्यात घुसू नये. म्हणजे शाईने महिनोन्महिने टाकीत गुण्यागोविंदाने राहायचं आणि कागदावर पडल्या क्षणी बिघडायचं, असली दोन तोंडी अपेक्षा आहे तिच्याकडून. मी ते बिघडणं टाकीतच उरकून घेतलं.

टाकी सिरिंजने रिकामी केली, डिस्टिल्ड पाण्याने धुतली, नळ्या धुतल्या. नळाचं पाणी अजिबात वापरू नका, त्यातही कॅल्शियम असतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. दोन दिवस गेले यात. हेड वाचलं, नशीब.

आता दुसरा सेट, चारही डाय. ग्लॉसी फोटो कागदावर याला तोड नाही, रंग आतून उजळल्यासारखे दिसतात. साध्या कागदावर मात्र काळी फुटायची. शाई फुटणं आपण फाउंटन पेनपासून ओळखतोच, कागदाला खळ कमी असली की तंतूंच्या मधल्या फटींतून शाई पळत सुटते. इथे सर्फॅक्टंटचा हिशोब येतो. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असतो, शाईत तो सर्फॅक्टंट घालून तीस-चाळीसपर्यंत उतरवावा लागतो, नाहीतर ती कागद नीट ओलाच करत नाही. फार उतरला तर नोझलच्या तोंडावर शाई पसरते, थेंब वाकडे जातात आणि कागदावर फुटतंही जास्त. या सेटची काळी बहुतेक त्या टोकाला होती, माझा अंदाज. आणि पाणी लागलं की संपलं. ओल्या बोटाने पान उलटलं तरी निळसर डाग, हायलायटर फिरवला तर अक्षराची शेपटी निघते.

खिडकीची टेस्ट पण केली. तिन्ही सेटच्या पट्ट्या एकाच फोटो कागदावर छापून उन्हात लावल्या, अर्धा भाग काचेखाली, अर्धा उघडा. चार महिन्यांत डायची मजेंटा आधी फिकी पडली, त्यात नवल नाही, ऊन आहे. नवल वाटलं ते सायनचं. काचेखालचा बरा होता, उघडा भाग मात्र पांढरट पडत गेला, म्हणजे दोष नुसत्या उन्हाचा नाही, हवेचाही. सायन डाय बऱ्याचदा कॉपर थॅलोसायनिनचा असतो, आणि लगेच सुकणारे फोटो कागद आतून सूक्ष्म छिद्रांचे असतात, म्हणजे हवा आत-बाहेर खेळते, आणि हवेतला ओझोन त्या रेणूला कुरतडतो. पिगमेंटमध्येही सायनला तेच थॅलोसायनिन असतं बरं का! पण तिथे ते कणाच्या रूपात, त्यामुळे कुरतडला जातो तो वरचा थर, आतला माल शाबूत. म्हणून फोटो भिंतीवर लावणार असाल तर काच लावा, ही सगळ्यात स्वस्त रसायनशास्त्राची युक्ती.

तिसरा सेट, चारही पिगमेंट. या वेळी सगळ्या टाक्या आधी धुऊन मगच भरला, शहाणपण आलेलं. पाणी ओता, हायलायटर मारा, काही होत नाही. कागदपत्रांसाठी उत्तम. पण ग्लॉसीवर निराशा झाली, कण कागदाच्या वरच बसतात त्यामुळे नखाने ओरखडा निघतो आणि तिरकं धरलं की काळ्या भागावर तांब्यासारखी झाक येते. बाटलीत तळाला साका बसतो, ओतायच्या आधी हळूहळू उलटसुलट करा, जोरात हलवू नका, फेस होतो. आणि पिएझोला हवा अजिबात चालत नाही, तो दाबाने थेंब ढकलतो, मध्ये बुडबुडा असला की दाब त्यातच जिरतो.

उष्णतेवर चालणाऱ्या हेडची गोष्ट वेगळी. तिथे बुडबुडाच काम करतो, काही मायक्रोसेकंदांत ३०० अंशांच्या आसपास तापवून. कॅननच्या लॅबमध्ये १९७७ साली इचिरो एंडो यांच्या हातून तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि शाई उडाली, तिथून ते सुरू झालं. त्या हेडमध्ये शाई करपते, हीटरवर खरवड बसते, तिला कोगेशन म्हणतात, शब्द जपानी करपण्यावरूनच आलाय. म्हणून एका प्रकारच्या प्रिंटरची शाई दुसऱ्यात ओतू नका, रंग तोच दिसला तरी.

मध्ये एकदा डाय असताना आणि एकदा पिगमेंट असताना प्रिंटर जवळजवळ तीन आठवडे बंद राहिला. डाय एका क्लीनिंगमध्ये सुरू, पिगमेंटला चार लागली. साहजिक आहे, वाळलेला डाय ताज्या शाईत परत विरघळतो, वाळलेल्या पिगमेंटचं पॉलिमर विरघळायला तयार होत नाही. एक मिलीलीटर शाईत तीन पिकोलीटरचे थेंब मोजले तर ३३ कोटी भरतात, आणि एका क्लीनिंगला तसे किती कोटी वाहून जातात ते मोजायची हिंमत झाली नाही.

आता परत पहिल्याच जोडीवर आलोय, काळी पिगमेंट नि रंग डाय. दर तीन-चार दिवसांनी चारही रंगांचं एक पान काढतो, भले काम नसू दे. एवढ्या क्लीनिंगची शाई गेली कुठे तर खालच्या वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये, आणि तो भरत आल्याची सूचना परवा स्क्रीनवर आली. नवा पॅड मागवलाय.