मेटामास्क, स्टीलची पट्टी आणि सासऱ्यांचे प्रश्न: काही महिन्यांच्या वापरानंतर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. मेटामास्क हे ब्राउझरमधलं क्रिप्टो वॉलेट चांगलं आहे, फुकट आहे आणि बसवायला दहा मिनिटं पुरतात. सुरक्षित करायला मात्र ठाण्याच्या आमच्या घरात कितीतरी शनिवार-रविवार गेले, आणि त्यातलं निम्मं काम लॅपटॉप बंद ठेवून झालं. बहुतेक परीक्षणांत बटणं कुठे आहेत ते सविस्तर असतं, या बंद लॅपटॉपच्या कामाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हे लांबलचक पुराण.

जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजमधून सुमारे तेवीस कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. माझं खातं तिथे नव्हतं. पण ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात पुढचे कित्येक दिवस जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. एक्स्चेंजवर दिसतो तो आकडा, नाणी त्यांच्या ताब्यात असतात, हे तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात नीट शिरलं. माझं थोडं इथर (इथेरियम या ब्लॉकचेनचं, म्हणजे साखळीचं, नाणं) आणि थोडं यूएसडीसी (डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं) होतं. ते स्वतःच्या ताब्यात घ्यायचं मी ठरवलं.

घरात पहिला प्रश्न सासऱ्यांचा. बाबा बँकेतून निवृत्त झालेत, नौपाड्यातल्या शाखेत त्यांनी बरीच वर्षं काढली. त्यांनी विचारलं, "पासबुक कुठंय?" म्हटलं, "पासबुक सगळ्या जगाला दिसतं बाबा, फक्त नाव कुणाचं ते दिसत नाही." आणि इथेरियमचे व्यवहार दाखवणाऱ्या इथरस्कॅन या साइटवर माझा वॉलेटचा पत्ता उघडून दाखवला. झीरो-एक्सने सुरू होणारा, त्यापुढे चाळीस अंक-अक्षरांचा. शिल्लक तिथे, प्रत्येक व्यवहार तिथे. मग वॉलेटमध्ये काय असतं? फक्त सही करायची किल्ली. नाणी इथेरियमच्या वहीत नोंदलेली असतात, वॉलेट त्या वहीवर सही करतं. बाबा म्हणाले, "म्हणजे चेकबुक. आणि सही जुळते का बघणारा कॅशियर नाही." यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

बसवण्याचं थोडक्यात सांगते. गूगलवर शोधून पहिल्या दुव्यावर जाऊ नका. वर जाहिराती असतात आणि हुबेहूब नकली पानं त्याच वाटेने येतात. पत्ता स्वतः टाइप करा, मेटामास्क डॉट आयओ, आणि तिथून क्रोमच्या दुकानात जा. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर अजिबात नको, त्यावर काय काय बसवलेलं असतं ते आयटीवाल्यांनाच माहीत. घरच्या लॅपटॉपवर मी क्रोमची वेगळी प्रोफाइल केली. तिच्यात मेटामास्क हे एकच एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) आहे. कूपन शोधणारी, स्क्रीनशॉट काढणारी, व्याकरण तपासणारी सगळी एक्स्टेन्शनं जुन्या प्रोफाइलमध्येच राहिली. वॉलेट आपोआप कुलूपबंद होण्याची वेळ सेटिंगमध्ये जाऊन काही मिनिटांवर आणली. गूगलच्या खात्याने वॉलेट सुरू करायचा पर्यायही हल्ली मिळतो. मी जुन्या पद्धतीचा, बारा शब्दांचाच घेतला: वॉलेट तयार होताना ते बारा इंग्रजी शब्द देतं आणि तेच त्याची मूळ किल्ली.

पासवर्ड आणि हे बारा शब्द यांत लोकांची फार गल्लत होते. पासवर्ड त्या एका ब्राउझरपुरता. विसरलात तर शब्द टाकून वॉलेट परत उभं करता येतं. शब्द हरवले आणि लॅपटॉपही गेला, तर कुठलंच कस्टमर केअर तुमची नाणी परत देऊ शकत नाही. आणि शब्द दुसऱ्याच्या हाती लागले, तर त्याला तुमचा पासवर्ड लागतच नाही. तो स्वतःच्या मशीनवर वॉलेट उभं करून सगळं घेऊन जातो. म्हणून टेलिग्रामवर 'सपोर्ट' म्हणवून घेत कुणी शब्द मागितले की तो चोर, यात दुसरी शक्यताच नाही.

आता हे शब्द ठेवायचे कुठे? मोबाइलने फोटो काढायचा नाही. फोटो क्लाउडवर जातात हे एक. दुसरं म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांनी स्पार्ककॅट नावाचं मालवेअर उजेडात आणलं. ते फोनच्या गॅलरीतले फोटो वाचून नेमके असे शब्द शोधायचं, आणि ते असलेली ॲप्स गूगल आणि ॲपलच्या अधिकृत दुकानांतही सापडली होती. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणं, ईमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवणं हेही त्याच माळेतले मणी. मी कागदावर लिहिले. पण ठाण्यात जून ते सप्टेंबर कपाटातला कागदसुद्धा दमट होतो. आमच्या जुन्या करारनाम्याला एकदा वाळवी लागलेली आहे. लॅमिनेट करायचं तर तो कागद स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याच्या हातात द्यायचा, म्हणजे तेही बाद.

परदेशात यासाठी तयार स्टीलच्या पट्ट्या विकतात, किंमत मात्र भलतीच. माझी सोय वागळे इस्टेटमध्ये झाली. कारखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात इंग्रजी अक्षरांचा लेटर पंचचा सेट मिळाला. मशीनच्या भागांवर नंबर ठोकायला वापरतात तोच. शेजारच्या फॅब्रिकेटरकडून स्टेनलेस स्टीलची उरलेली पट्टी कापून घेतली. "नावाची पाटी करताय का ताई? इथंच कोरून देतो," असं तो म्हणाला. नको दादा, म्हटलं. कोरून देणाऱ्याला शब्द कळले तर पट्टीचा उपयोगच संपला.

सगळे शब्द पूर्ण ठोकायची गरज नसते, ही या पद्धतीतली सगळ्यात सुंदर गोष्ट. बीआयपी-३९ नावाच्या मानकाने २०४८ इंग्रजी शब्दांची यादी ठरवून दिलीय आणि ती अशी रचलीय की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो. म्हणजे बारा शब्दांची जास्तीत जास्त अठ्ठेचाळीस अक्षरं. काही शब्द तीनच अक्षरांचे असतात, तिथे चौथी जागा मोकळी सोडायची. क्रमांक मात्र ठोकायचेच, कारण क्रम बदलला तर भलतंच वॉलेट उघडतं किंवा काहीच उघडत नाही. पट्टीखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली जुनी सतरंजी ठेवली, तरी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी इंटरकॉमवर विचारलंच, "फर्निचर करताय का गं?" पंच हलू न देता एकाच दमदार ठोक्यात अक्षर उमटवायचं. दुसरा ठोका दिला की ते दुहेरी दिसतं. आधी भंगार तुकड्यावर हात बसवून घ्या. ॲल्युमिनियमवर काम सोपं जातं, पण ते ६६० अंशांना वितळतं आणि घराला आग लागली तर तिथवर तापमान सहज जातं. स्टेनलेस स्टील १४०० च्या आसपास वितळतं.

पट्टी झाली म्हणजे काम झालं असं समजू नका. पैसे टाकण्याआधी एक तालीम करा. सेपोलिया या चाचणीच्या नेटवर्कवर फुकटचं इथर मिळतं (ते वाटणाऱ्या साइटना फॉसेट म्हणतात; काही फॉसेट त्यासाठी मुख्य नेटवर्कवर थोडी शिल्लक मागतात, तर दुसरं फॉसेट शोधा). ते मागवून घेतलं आणि मग एक्स्टेन्शन चक्क काढून टाकलं. पुन्हा बसवून कागदावरून नाही, पट्टीवरूनच शब्द वाचून वॉलेट उभं केलं. तोच पत्ता, तीच शिल्लक. शेवटच्या शब्दात तपासणीचा अंशही दडलेला असतो, त्यामुळे चुकीचा शब्द बहुतेक वेळा तिथल्या तिथे पकडला जातो. त्याच वॉलेटात तयार केलेली दुसरी-तिसरी खातीही त्याच बारा शब्दांतून परत येतात. बाहेरची किल्ली टाकून आणलेलं खातं येत नाही, तिची सोय वेगळी ठेवावी लागते. तालीम पूर्ण झाल्यावरच कागद जाळला.

रोजच्या वापरात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते परवानग्यांनी. एखाद्या साइटवर यूएसडीसी देऊन दुसरं नाणं घ्यायचं तर आधी त्या साइटच्या करारप्रणालीला (साखळीवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला) 'माझ्या खात्यातून इतके उचल' अशी परवानगी द्यावी लागते. पुष्कळ साइट्स अमर्याद रक्कम मागतात. मेटामास्कच्या खिडकीत तो आकडा बदलता येतो, आणि मी दर वेळी तेवढ्या व्यवहारापुरताच ठेवते. गैरसमज असा की साइट 'डिस्कनेक्ट' केली की परवानगीही गेली. तसं होत नाही. डिस्कनेक्ट केल्यावर साइटला तुमचा पत्ता दिसायचा थांबतो. परवानगीची नोंद साखळीवर असते आणि ती रद्द करायला वेगळा व्यवहार, वेगळं गॅस शुल्क (साखळीवरच्या व्यवहाराची फी) लागतं. रिवोक डॉट कॅशवर पत्ता टाकला की दिलेल्या सगळ्या परवानग्यांची यादी दिसते. दर महिन्याला विजेचं बिल भरते त्याच दिवशी मी ही यादी झाडून काढते.

गॅसचा साधा हिशोब असा: एका खात्यातून दुसऱ्या खात्यात इथर पाठवायला २१,००० एकक गॅस लागतो. भाव एककाला २० ग्वेई (ग्वेई म्हणजे इथरचा अब्जावा भाग) असेल तर ०.०००४२ इथर. नाण्यांची अदलाबदल याच्या कित्येक पट. इथेरियमच्या मार्च २०२४ च्या डेनकून सुधारणेनंतर आर्बिट्रम, बेस यांसारख्या दुसऱ्या थरातल्या (इथेरियमवर उभारलेल्या) साखळ्या फारच स्वस्त झाल्या, त्यामुळे छोटी कामं मी तिथेच करते. तुमचा पत्ता या सगळ्या साखळ्यांवर एकच असतो, म्हणून एक्स्चेंजमधून काढताना नेटवर्क (म्हणजे साखळी) कुठलं निवडलंय ते दोनदा बघा, नाहीतर नाणी भलत्याच साखळीवर जातात. मेटामास्कच्या आतलं अदलाबदलीचं बटण सोयीचं आहे, पण त्यावर ०.८७५ टक्के सेवाशुल्क जातं.

आणि पत्ता कधीही जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नका. चोर तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखी सुरुवात आणि शेवट असलेला पत्ता बनवून त्यावरून शून्य किंवा चिल्लर रक्कम पाठवतात, म्हणजे तो यादीत येऊन बसतो. मे २०२४ मध्ये एका बड्या धारकाने अशाच पत्त्यावर जवळपास सात कोटी डॉलरचं नाणं पाठवलं होतं. बरंचसं परत मिळालं, पण ते त्याचं नशीब. मधली अक्षरंही वाचायची, नाहीतर वॉलेटमधल्या पत्त्यांच्या वहीत तो नावाने जतन करायचा.

मोठी रक्कम मी ब्राउझरच्या भरवशावर ठेवलेली नाही. हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली आत ठेवणारं छोटं उपकरण, घेतलं आणि ते मेटामास्कला जोडलं. खिडकी तीच कोल्ह्याच्या चित्राची, पण किल्ली उपकरणातून बाहेर येत नाही आणि सही उपकरणाचं बटण दाबल्याशिवाय होत नाही. त्याच्या इवल्याशा पडद्यावर जे दिसतं तेच खरं मानायचं, लॅपटॉपवरचं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्स्चेंजचे सुमारे दीडशे कोटी डॉलर गेले ते यातूनच: सही करणाऱ्यांच्या पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही दुसऱ्याच व्यवहारावर होत होती. उपकरण मागवताना घरचा पत्ता दिला नाही. अशी उपकरणं बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या २०२० च्या डेटाचोरीत सुमारे दोन लाख बहात्तर हजार ग्राहकांची नावं-पत्ते बाहेर आले होते. आपल्या घरी क्रिप्टो आहे ही माहिती कुरिअरच्या लेबलवर कशाला?

कराचं म्हणाल तर २०२२ च्या अर्थसंकल्पापासून नफ्यावर ३० टक्के कर, वर उपकर, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही. वॉलेटमधून नाणं देऊन नाणं घेतलं तरी ते हस्तांतरणच. एक्स्चेंज निदान विवरण देतं, वॉलेट देत नाही. म्हणून तारीख आणि त्या दिवसाचा रुपयातला भाव मी त्याच संध्याकाळी शीटमध्ये टाकते.

बाबांचा खरा प्रश्न शेवटी आला: "नॉमिनी कोण?" वॉलेटला नॉमिनी नसतो. नाव नोंदवायला फॉर्मच नाही. मग आम्ही बसून त्यांच्या पद्धतीने मांडणी केली. पट्टी बँकेच्या लॉकरमध्ये, नवऱ्याबरोबरच्या संयुक्त लॉकरमध्ये, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' तत्त्वावर (कुठल्या बँकेत ते अर्थातच सांगत नाही). घरी एक मराठीतलं पत्र: हे काय आहे, कुठली साखळी, उपकरण कुठे आहे, शब्द कुठल्याही साइटवर टाइप करायचे नाहीत, मदत कुणाची घ्यायची आणि कुणाची नाही. पत्रात शब्द नाहीत, पट्टीवर खुलासा नाही. एकाच्या हाती एकच लागलं तर पट्टीवाल्याला निदान हे कशाचं आहे ते चटकन कळत नाही, आणि पत्रवाल्याला काहीच करता येत नाही. लॉकरबाबत बाबांनी आणखी एक सांगितलं. २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे चोरी, आग अशा प्रसंगी बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपुरतीच असते. लॉकरमधल्या पट्टीचं मोल बँकेच्या हिशोबात तेवढंच. म्हणून दुसरी पट्टी ठोकून पुण्याला माहेरी ठेवलीय, सीलबंद पाकिटात.

मग घ्यावं का? शे-दोनशे डॉलरची नाणी असतील आणि ती कधीमधी विकायचीच असतील, तर एवढा खटाटोप मी सांगणार नाही, एफआययूकडे (केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे) नोंदणी केलेलं एक्स्चेंज पुरे. साखळीवरच्या गोष्टी स्वतः वापरून बघायच्या असतील तर मेटामास्कपासून सुरुवात करायला हरकत नाही, मात्र त्यात तेवढेच पैसे ठेवा जेवढे घेऊन ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत बिनधास्त चढाल. फोनवरचं ॲप मी घेतलेलं नाही. फोन चार्जिंगला लावला की तो मुलीच्या हातात असतो, आणि ती समोर येईल ते बटण दाबते.