सेव्हन सिस्टर्स की बॉक्स हिल?

लंडनला शिकायला गेलेल्या भाचीचा प्रश्न: सुट्टीचा एकच दिवस आहे मावशी, खडूच्या टेकड्यांवर गोल फेरी कुठे मारू?

सेव्हन सिस्टर्स म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे खडूचे कडे, आणि बॉक्स हिल ही लंडनच्या दक्षिणेची टेकडी. अंतरावरून ठरवू नकोस, दोन्हीकडे 13 किलोमीटरच्या आसपासची फेरी जमते. प्रवासात बॉक्स हिल सरस. थेट रेल्वे, तासाभरात पायथ्याशी. सिस्टर्ससाठी ईस्टबोर्नपर्यंत दीड तास, पुढे फेरी जिथून सुरू होते त्या एक्सीटची बस.

चढ मात्र फसवे. बॉक्स हिल 224 मीटर, तर सिस्टर्समधली सर्वांत उंच हेवन ब्रो जेमतेम 77. पण तिथे एकामागून एक चढ-उतार येत राहतात, गुडघे बोलायला लागतात. सावली नाही, समुद्राचा वारा सतत अंगावर. परतताना फ्रिस्टनचं जंगल लागतं तेव्हा कुठे हायसं वाटतं. आणि कड्याच्या काठाशी अजिबात जायचं नाही! खडू खालून पोखरला जातो, वरून कळत नाही.

पावसानंतर ओला खडू दोन्हीकडे निसरडा. बॉक्स हिलला मोल नदी चढलेली असेल तर नदी ओलांडायला ठेवलेल्या दगडांवरून न जाता पूल घे.

एकटी, उशिरा निघणार असशील तर बॉक्स हिल. आकाश स्वच्छ, सोबत मैत्रीण आणि पहाटे उठायची तयारी असेल तर सिस्टर्स. पाणी जास्त घे.