टीनएजर मुलांपुढे टिकलेली चार्जिंग केबल : एल पिन, दोन मीटर

घरात टीनएजर मुलं असली की चार्जिंग केबल ही साबणासारखी संपणारी वस्तू होते. आमच्याकडे एक मुलगा, एक मुलगी, आणि ड्रॉवरभर मेलेल्या केबली. त्या एकदा टेबलावर पसरून पाहिल्या. जवळजवळ सगळ्या एकाच जागी गेलेल्या, फोनकडच्या पिनेच्या मानेशी. चार्जरकडचं टोक अगदी नव्यासारखं.

कारण रोज डोळ्यांसमोरच असतं. चिरंजीव उताणे पडून, फोन आडवा धरून गेम खेळणार, तेही चार्जिंग चालू ठेवून. पिन तळहाताला टोचते, म्हणून वायर तिथेच काटकोनात मुडपली जाते. आतल्या तांब्याच्या तारा केसासारख्या बारीक. सारख्या वाकून त्या कडक होतात आणि एकेक करत तुटतात. वरून केबल धडधाकट दिसते आणि घरात सुरू होतं, "हलवू नकोस गं, आत्ता कुठे चार्ज होतोय!"

त्यामुळे नायलॉनच्या विणलेल्या आवरणाचं जे कौतुक चालतं, ते मला अर्धंच पटतं. खुर्चीच्या चाकाखाली आली, टेबलाच्या कडेला घासली तर ती वीण उपयोगी पडते. पण मानेशी रबर आखूड असेल तर आतल्या तारा तुटायच्या त्या तुटतातच. उलट काही दिवसांनी वीण उसवून तिथे पिसारा फुलतो. चुंबकाने चिकटणारी पिन मी घरात येऊच देत नाही. टाइप-सीच्या मानकात ती बसत नाही, आणि उघड्या चुंबकावर लोखंडी कचरा चिकटून शॉर्ट व्हायची भीती वेगळीच.

टिकली ती एल आकाराच्या पिनेची, दोन मीटरची, ६० वॅटची टाइप-सी केबल. फोन आडवा धरला की वायर तळहाताला न टोचता फोनच्या कडेने सरळ निघून जाते, म्हणून मुडपावी लागत नाही. लांबीचाही फायदा झाला: सॉकेट ते पलंग एवढं अंतर आरामात भागतं, ताण येत नाही. मानेवरचं रबर लांब आणि लवचिक आहे. घेताना पिन धरून वायर हलकेच वाकवून बघा. गोलाई आली तर ठीक, एकाच जागी कोपरा पडला तर परत ठेवा.

खोट काढायचीच तर जाड कव्हर असलं की पिन पूर्ण बसत नाही. डेटाचा वेगही ४८० एमबीपीएसच, लॅपटॉपवर मोठे व्हिडिओ घ्यायचे तर कंटाळा येतो. २४० वॅटची घ्यावी का? फोनसाठी गरज नाही. ती बहुधा जाड आणि ताठर असते, त्यामुळे पिनेवर जोर जास्त. मात्र तुमच्या फोनचं फास्ट चार्जिंग कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचं असेल, तर दुसऱ्या केबलवर ते हळू होऊ शकतं, तेवढं आधी बघून घ्या.

आणि केबल तुटली म्हणून फार जीव जाळू नका. टाइप-सीत झिजणाऱ्या स्प्रिंगा मुद्दाम केबलच्या पिनेत ठेवल्या आहेत, फोनमध्ये नाहीत. केबल गेली तर गेली, पोर्ट वाचला पाहिजे. पिन सैल वाटली तर केबल फेकण्याआधी फोन बंद करून लाकडी टूथपिकने पोर्ट हलक्या हाताने कोरा. खिशातल्या कापसाचा एवढा घट्ट गोळा निघतो की बघत राहावं.

मुलीला मात्र एल पिन आवडली नाही. ती फोन उचलते तीच वायरीला धरून. तिला सिलिकॉनची सरळ केबल दिली आहे. मऊ आहे, गुंता होत नाही, पण गादीवरची सगळी धूळ आणि केस तिलाच चिकटतात. एल पिनवालीला माझ्याकडून पाचपैकी चार, सिलिकॉनला तीन.