चिप नसलेला डॅक : कॉर्ड क्यूटेस्ट, आतल्या बाजूने

डॅक म्हणजे अंकरूपातल्या गाण्याचे विद्युतलहरीत रूपांतर करणारे यंत्र. तो घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो "यात चिप कोणती?" हाच. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या एका छोट्या दुकानात मीही तोच विचारला, तेव्हा दुकानदार शांतपणे म्हणाले, "साहेब, यात डॅकची चिपच नाही." समोर होता कॉर्ड इलेक्ट्रॉनिक्स या केंट परगण्यातील ब्रिटिश कंपनीचा क्यूटेस्ट : तळहातावर मावणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा, वर एक गोल काच आणि पुढे बटणांचे काम करणाऱ्या, रंगीत उजळणाऱ्या दोन गोळ्या. २०१८ साली बाजारात आला तेव्हा ब्रिटनमध्ये त्याची किंमत १,१९५ पौंड होती. एवढ्या रकमेत मोठे ट्रान्सफॉर्मर आणि जाड पत्र्याची पेटी देणारे पुष्कळ आहेत. इथे पैसे नेमके कशात गेले आहेत, हे समजून घेतल्याशिवाय तो घ्यायचा नाही असे मी ठरवले होते.

त्यामागे एक जुना चटका होता. आधीचा माझा डॅक सुट्या रोधांच्या (रेझिस्टरच्या) शिडीचा, म्हणजे ज्याला आर-टू-आर म्हणतात त्या पद्धतीचा होता; त्यात अंकाच्या प्रत्येक बिटाचा वाटा रोधांच्या साखळीतून ठरतो आणि त्यांची बेरीज होते. कोणाचा ते सांगत नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यातून बारीक गुणगुण येऊ लागली. रविवार कारंज्याकडील एका जुन्या कारागिरांकडे तो नेला. त्यांनी झाकण काढले, टॉर्च मारला आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "भाऊ, हा बघा." वीजपुरवठ्याच्या भागात व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या उष्णताशोषक पट्टीला अक्षरशः टेकून, विजेची लाट सपाट करणारा एक इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बसवला होता, त्याचे डोके फुगले होते आणि बुडाशी तपकिरी डाग पडला होता. अंगावर ८५ अंश असे छापलेले. अशा कॅपॅसिटरचे तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे, आणि नाशिकच्या एप्रिलमध्ये बंद कपाटात ठेवलेल्या यंत्राला तो बरोबर लागू पडला. आपली वीज ५० हर्ट्झची, डायोडच्या पुलातून गेल्यावर तिची लाट १०० हर्ट्झची होते, आणि मला ऐकू येत होता तो नेमका तोच सूर. जाहिरातीत मात्र त्या डॅकचे रोध किती अचूक आहेत, याचेच कौतुक होते.

ते कौतुकही तपासून पाहण्यासारखे आहे. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या होतात. शिडीतील सर्वांत मोठ्या बिटाचा वाटा खालच्या सगळ्या बिटांच्या बेरजेहून नेमका एका पायरीने जास्त असायला हवा; म्हणजे चूक ढोबळमानाने ०.००१५ टक्क्यांच्या आत राहायला हवी. सर्रास ज्यांची जाहिरात होते ते महागडे रोध ०.०१ टक्क्याचे असतात. शिवाय ही चूक दिसते कुठे, तर ध्वनिलहर शून्य ओलांडते तिथे, कारण साध्या शिडीत त्या क्षणी बहुतेक सगळे बिट एकदम उलटतात. म्हणजे आवाज जिथे सर्वांत हळू, तिथेच गडबड सर्वांत मोठी. धन आणि ऋण बाजूंसाठी वेगळ्या शिड्या लावून किंवा प्रत्येक पायरीचे मोजमाप घेऊन दुरुस्ती करून चांगले निर्माते यातून वाट काढतात. माझ्या डॅकमध्ये डाव्या-उजव्या प्रत्येक वाहिनीला एकच शिडी होती.

क्यूटेस्टमध्ये शिडी नाही आणि तयार डॅक चिपही नाही. आत झायलिंक्स कंपनीची आर्टिक्स-७ ही एफपीजीए आहे. एफपीजीए म्हणजे कोरी पाटी : विकत घेताना तिच्यात काहीच लिहिलेले नसते, आतले मंडल (सर्किट) कोणते असावे हे डिझाइन करणाराच ठरवतो. रचनाकार रॉब वॉट्स यांनी तिच्यावर गणिती फिल्टर आणि नॉइज शेपर (रूपांतरातली खरखर कानाला न ऐकू येणाऱ्या पट्ट्यात ढकलणारे गणित) मांडले आहेत, आणि अंकांचे विद्युतलहरीत रूपांतर तिच्याबाहेर सुट्या भागांच्या दहा घटकी मंडलात होते, ज्याला ते पल्स ॲरे म्हणतात. या दहा घटकांची उघडझाप गाणे हळू असो वा मोठे, सारख्याच गतीने चालते, त्यामुळे पार्श्वभूमीतील सूक्ष्म खरखर गाण्याबरोबर वरखाली होत नाही. या स्वतंत्र मांडणीचा एक व्यावहारिक फायदाही आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथे डॅक चिप बनवणाऱ्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली, आणि तिच्या चिपांवर अवलंबून असलेल्या अनेक निर्मात्यांना दुसऱ्या कंपनीची चिप घेऊन आपले बोर्ड नव्याने आखावे लागले.

फिल्टरबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण माझ्या मते किमतीचा मोठा वाटा तिथे आहे. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. दोन नमुन्यांमधली वक्ररेषा बिनचूक काढायची तर सिद्धान्ताप्रमाणे मागचे आणि पुढचे सगळेच नमुने, अनंतापर्यंत, हिशेबात धरावे लागतात. प्रत्यक्षात कुठेतरी थांबावे लागते. किती नमुन्यांशी सल्लामसलत करून थांबायचे, त्याचा आकडा म्हणजे टॅप. सर्वसाधारण चिपमध्ये तो शेकड्यांत असतो, इथे निर्मात्याने जाहीर केलेला आकडा ४९,१५२ आहे. यामुळे वाद्यांवरील आघातांची वेळ अधिक अचूक उमटते, असे वॉट्स यांचे प्रतिपादन आहे. ते मला पटण्याजोगे वाटते, पण "चिप कोणती?"च्या जागी "टॅप किती?" असे विचारणे हा जुनाच रोग नव्या नावाने झाला. जुन्या सीडी प्लेअरमधील फिलिप्सच्या २८ पायांच्या टीडीए१५४१ए चिपवर मुकुटाचे चिन्ह छापलेले असेल तर आजही लोक तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात, त्यातलाच हा प्रकार.

यूएसबी मार्ग विद्युतदृष्ट्या पूर्ण विलग ठेवला आहे, म्हणजे संगणकाच्या विजेशी डॅकच्या मंडलाची थेट जोड नाही, आणि याचा परिणाम ओळखायला सोनेरी कान लागत नाहीत. जुन्या डॅकला लॅपटॉप जोडून त्याचा चार्जर लावला की माउस हलवताना स्पीकरमधून किडा कुरकुरल्यासारखा आवाज यायचा. तोच लॅपटॉप, तोच चार्जर आणि क्यूटेस्ट अशी जोडणी केली. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज पूर्ण वाढवून स्पीकरला कान लावला, तरी माउसचा मागमूस नव्हता.

आता वीजपुरवठा, आणि इथे माझे समाधान झालेले नाही. एवढ्या किमतीच्या यंत्राला ५ व्होल्टचा भिंतीवरचा ॲडॉप्टर आणि मागे मोबाइलसारखी मायक्रो-यूएसबीची खाच आहे. विजेची गाळणी पेटीच्या आत होत असल्याने ॲडॉप्टरचे महत्त्व लोक समजतात तेवढे नाही. पॉवर बँक लावून मी आठवडाभर ऐकले आणि फरक सांगता आला नाही. या डॅकसाठी वेगळा महागडा पुरवठा विकू पाहणाऱ्यांपासून वाचकांनी सावध राहावे. माझा आक्षेप यांत्रिक आहे. अंबडच्या स्विचगिअर कारखान्यात इतकी वर्षे काढल्यावर वायरच्या वजनाने हलणारी पिन पाहिली की मला स्वस्थ बसवत नाही.

ऐकण्याची तुलना करण्यापूर्वी दोन्ही डॅकचा आवाज मल्टिमीटरने जुळवून घेतला, कारण जरासा मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. क्यूटेस्टवर दोन्ही गोळ्या एकत्र दाबून बाहेर जाणाऱ्या लहरीची पातळी १, २ किंवा ३ व्होल्ट अशी निवडता येते. मी २ घेतले. दुरुस्त झालेला शिडीचा डॅक तबल्याच्या बायाला अधिक गोलाई देतो, हे मान्य केले पाहिजे, आणि काही जणांना तेच आवडेल. फरक पडला तो तानपुऱ्यात. गायक श्वास घेतो त्या फटीत तानपुऱ्याची विरत जाणारी झणत्कार जुन्या डॅकवर किंचित खरखरीत होऊन संपायची. क्यूटेस्टवर खर्जाच्या तारेतून वर येणारा गंधार शेवटपर्यंत वेगळा ऐकू येतो. नाशिकचेच सुपुत्र दत्तात्रेय विष्णू पलुस्कर यांची जुनी मोनो ध्वनिमुद्रणे लावली, तेव्हा तबकडीची खसखस मात्र निर्दयपणे पुढे आली. त्यासाठी चार फिल्टरांची सोय उपयोगी पडते : पांढरा सरळ, नारिंगी किंचित ऊबदार, आणि हिरवा व लाल हे त्यांचेच, सर्वांत वरच्या पट्टीतला आवाज उतरवणारे प्रकार. पलुस्करांसाठी मी लालवर थांबलो.

रिमोट नाही, आवाज कमी-जास्त करण्याची सोय नाही, बॅलन्स्ड जोडणीही (बाहेरचा गोंगाट टाळण्यासाठी दोन उलट लहरी नेणारी) नाही. कोणता फिल्टर चालू आहे ते फक्त गोळीच्या रंगावरून कळते; आमच्या वडिलांना लाल आणि हिरवा यांतला फरक नीट दिसत नाही, त्यामुळे ते अजूनही मला हाक मारून विचारतात. मागच्या मायक्रो-यूएसबीच्या वायरीला मी फळीवर एक क्लिप ठोकून आधार दिला आहे, आणि डॅक कपाटाबाहेर, मोकळ्या हवेत ठेवला आहे.